अंगातली गर्मी

आमच्याकडे सगळ्याचं कारण एकच, गर्मी. तोंड आलं, गर्मी. लघवीला जळजळ, गर्मी. पोट्ट्याच्या डोक्यात फोडं आले तर त्याच्या मायनं पोटुशी असताना पपई खाल्ली असंल, गर्मी. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथं लोकांनी दुसरा शब्द आणायचा तरी कुठून. पण माझ्याबद्दल हा शब्द निघायचा तो जरा खालच्या आवाजात, चुलीपाशी, मी मागच्या दारी भांडे घासायला बसले की. "तिच्या आंगातच लय गर्मी हाय व, लेकरू टिकत नाही."

मला ऐकू यायचं. ऐकू यावं म्हणूनच बोलायच्या बहुतेक.

लग्न २०११ चं. सासर राळेगाव तालुक्यात, सहा एकर कोरडवाहू, कापूस न तूर. मी बीएस्सी झालेली, झूलॉजी घेऊन, त्याचा तोपर्यंत उपयोग एवढाच की गावातल्या पोट्ट्यांची सायन्सची शिकवणी घ्यायचे. २०१२ ला पहिलं पोट पडलं, नवव्या आठवड्यात. २०१३ ला दुसरं, दहाव्याच्या आसपास. त्याबद्दल जास्त लिहित नाही, ज्यांचं झालंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांचं नाही त्यांना सांगून कळत नाही. दुसऱ्या वेळेनंतर मला गुळवेल, सब्जा, दुर्वांचा रस, कोणाकोणाचा अंगारा, सगळं झालं. वांगं बंद, तीळ बंद, जवसाची चटणी बंद. जवसाची चटणी बंद झाली त्याचं जास्त वाईट वाटलं हे आता कबूल करून टाकते.

तिसऱ्या वेळी, २०१५ ला, एक भलतंच घडलं, आणि खरं सांगायचं तर हा सगळा लेख त्या एका कागदासाठी लिहितेय.

पहिल्या तपासणीला रक्त घेतात ना, एचबी, शुगर, रक्तगट, एचआयव्ही आणि व्हीडीआरएल. व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची, गुप्तरोगाची तपासणी. माझं व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आलं. जिथं तपासलं त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. तिथल्या सिस्टरनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग बाकड्यावर बसलेल्या पंधरा-वीस बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, नवऱ्याला घेऊन ये उद्या. दुसऱ्या दिवशी यांचं रक्त घेतलं. निगेटिव्ह.

आता बघा गणित कसं झालं. नवऱ्याला नाही, बायकोला आहे.

हे काही बोलले नाहीत. तेच जास्त झालं. रानडुकरांची जागल होतीच, हे जागलीला म्हणून शेतात जायचे ते सकाळी उन्हं वर आल्यावर यायचे, जेवायचे, परत जायचे. चार दिवस असंच चाललं. सासूबाईंना व्हीडीआरएल म्हणजे काय ते कळत नव्हतं पण सुनेच्या रक्तात काहीतरी घाण निघाली एवढं बरोबर कळलं होतं. दवाखान्यात मला न यांना दोघांनाही पेनिसिलिनचं इंजेक्शन टोचलं, ते दुखतं किती ते विचारू नका. मी तो कागद घडी घालून घडी घालून फाइलच्या तळाशी, लग्नाच्या दाखल्याच्या मागे ठेवून दिला. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीवाल्यानं स्क्रीन माझ्याकडून वळवली तेव्हाच मी समजले. त्या वेळी गावात कोणालाच कारण शोधावं लागलं नाही. कारण तयार होतं.

वर्ध्याला एका डॉक्टर मॅडमकडे गेलो ते सहा महिन्यांनी, तेही माझ्या भावानं जबरदस्तीनं नेलं म्हणून. मॅडम फाइल शेवटपासून वाचतात हे मला काय माहीत. घड्या घातलेला कागद उघडला, बघितला, चष्मा वर केला. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "टीपीएचए केलं होतं का याच्यानंतर?" मी म्हटलं काय ते. "अगं मग हा कागद लपवतेस काय? मला हाच पाहिजे होता."

मॅडमनी जे समजावलं ते मी पुढे वाचून वाचून पक्कं केलं, म्हणून माझ्या भाषेत सांगते. व्हीडीआरएल ही तपासणी सिफिलिसचा जंतू शोधतच नाही. ती एका चरबीसारख्या पदार्थाविरुद्ध रक्तात अँटीबॉडी आहेत का तेवढं बघते. त्या पदार्थाचं नाव कार्डिओलिपिन. सिफिलिस झाला की अशा अँटीबॉडी तयार होतात, म्हणून ही खूण धरून चालतात. पण त्या दुसऱ्या कारणानंही तयार होऊ शकतात, आणि मग तपासणी खोटी पॉझिटिव्ह येते. मेरी पँगबॉर्न नावाच्या बाईनं १९४१ साली हे कार्डिओलिपिन वेगळं काढलं, कशातून, तर गुराच्या हृदयातून. नावातच आहे, कार्डिओ. पोळ्याला ज्या घरात बैलांचे पाय धुवून पुरणपोळी भरवतात त्या घरातल्या सुनेचं चारित्र्य गुराच्या काळजातल्या चरबीवर ठरलं होतं. मला तेव्हा हसू आलं, मॅडमच्या समोर, तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं.

टीपीएचए ही खुद्द जंतूविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी. ती निगेटिव्ह आली. मग बाकीच्या तीन तपासण्या नागपूरला पाठवल्या, लुपस अँटीकोअॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. दोन पॉझिटिव्ह. एवढ्यावर नक्की धरत नाहीत म्हणतात, १२ आठवड्यांनी परत करायच्या, कारण साध्या तापातही या अँटीबॉडी थोड्या दिवसांसाठी येऊन जातात. परत केल्या, परत पॉझिटिव्ह. नाव मिळालं, अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज या डॉक्टरनं १९८३ ला याची ओळख पटवून दिली. (लुपस अँटीकोअॅग्युलंट या नावाइतकं खोटं नाव मी दुसरं पाहिलं नाही, लुपस हा वेगळाच आजार, तो मला नाही, आणि अँटीकोअॅग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारं, तर हे शरीरात नेमकं उलटं करतं.)

म्हणजे झालं असं होतं की माझीच प्रतिकारशक्ती माझ्याच पेशींच्या चरबीला चिकटलेल्या प्रोटीनला शत्रू समजत होती, आणि बाळाला पोसणारी वार तयार व्हायला लागली की सगळा राग तिथं काढत होती. वारेत रक्ताच्या गाठी, आणि नुसत्या गाठी नाही, सूजसुद्धा. इन्फ्लमेशन. इन्फ्लमेशन या शब्दातच इंग्रजी ज्वाळा आहे, आपल्या वैद्यकीच्या मराठीत त्याला दाह म्हणतात. मी घरी येऊन हे यांना सांगत होते, दाह होतो म्हणे तिथं, तर सासूबाई सूप आपटत आतून म्हणाल्या, "मंग मी दुसरं का म्हणून राहिली होती एवढे वर्षं?"

त्याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. गर्मी होतीच. फक्त ती वांग्यातून आली नव्हती.

उपाय सांगितला तो ऐकायला सोपा. अॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी रोज, आणि पाळी चुकून बाळाचे ठोके दिसले की हेपॅरिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन रोज एक, पोटात, स्वतः टोचायचं, बाळंतपणापर्यंत. १९९७ ला लंडनमध्ये ९० बायकांवर अभ्यास झाला होता, नुसत्या अॅस्पिरिनवर शंभरात ४२ जणींचं लेकरू हातात आलं आणि सोबत हेपॅरिन दिलं तर ७१ जणींचं. मॅडम म्हणाल्या, सत्तर टक्के धर. आमच्याकडे पावसाचा अंदाज सत्तर टक्के धरला तर कोणी पेरणीसुद्धा करत नाही, पण धरले.

२०१६ च्या एप्रिलच्या शेवटी सुरू झालं. रोजचे साडेतीनशे रुपये. कापसाला क्विंटलला पाच हजाराच्या आसपास भाव, म्हणजे महिन्याला दोन क्विंटल कापूस मी पोटात टोचून घेत होते. त्यात बॉक्सवर लिहिलेलं २५ डिग्रीच्या वर ठेवू नका आणि बाहेर ४५, घरात फ्रिज नाही, ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे लाइन दिवसातून आठ तास नाही. हे राळेगावहून गाडीवर आणायचे तेव्हा डबा ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून आणायचे. घरी रांजणाच्या बुडाशी ओली रेती, त्या रेतीत एक लहान गाडगं, गाडग्यात डबा, वरून ओलं फडकं. यांनी मला सॉरी कधी म्हटलं नाही, त्या चार दिवसांबद्दल आजपर्यंत एक शब्द नाही, पण ती रेती पूर्ण उन्हाळाभर दिवसातून तीन वेळा यांनीच ओली केली. मी त्याचा काय अर्थ लावायचा तो लावलाय.

टोचण्याची गोष्ट वेगळी. मला स्वतःला जमेचना. झूलॉजीत बेडूक कापलेली मी, पण स्वतःच्या पोटाची चिमूट धरली की हात थरथर. हे तर सुई पाहूनच खाली बसले. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आण इकडं. मले दाखव कसं करते नर्सबाई." दाखवलं. चाळीस वर्षं कापूस वेचलेला हात, बोंडाच्या टोकाला न लागता आतला कापूस ओढून घेणारा. चिमूट धरली, सुई सरळ आत, सावकाश दाबलं, बाहेर. कळलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून रोज रात्री जेवणं झाली की आमच्या घरी हा कार्यक्रम, आणि झालं की त्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ मारायच्या. एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही, हे औषध डुकराच्या आतड्यातून काढतात. रात्रभर आमचा माणूस शेतात डुकरं हाकलतोय आणि घरात त्याची बायको तेच टोचून घेतेय.

सप्टेंबरात जिओचं फुकट नेट आलं आणि मी सातव्या महिन्यात चिंचेखाली खुर्ची टाकून वाचत सुटले. आधी भीतीपोटी, मग खरंच मजा म्हणून. कॉलेजात आम्हाला हे कोणी शिकवलंच नव्हतं की मुळात गर्भ टिकतो हेच नवल आहे. लेकरू अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकं. दुसऱ्याची किडनी बसवली तर शरीर ती फेकून द्यायला बघतं, मग नऊ महिने हा पाहुणा कसा चालतो? पीटर मेडावार या शास्त्रज्ञानं हा प्रश्न १९५३ ला मांडला, त्याला नोबेल मिळालं १९६० मध्ये, आणि प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही.

मी आपली समजत होते की गरोदरपणात प्रतिकारशक्ती झोपी जाते, म्हणून जमतं. साफ चूक. सुरुवातीच्या महिन्यांत पिशवीच्या अस्तरात जेवढ्या रोगप्रतिकारक पेशी असतात त्यातल्या जवळपास ७० टक्के एकाच जातीच्या, आणि नाव काय तर नॅचरल किलर. नाव खुनी, काम गवंड्याचं. आईच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद करून वारेला रक्त पुरेल अशी वाट त्या करून देतात, वारेच्या पेशींसोबत मिळून. वाट नीट रुंद झाली नाही की पुढे बीपी वाढतं, झटके येतात, लेकरू वाढत नाही. दुसऱ्या पेशी आहेत, रेग्युलेटरी टी सेल, त्या बाकीच्यांना आवरतात, अरे थांबा, हा आपलाच आहे. या पेशी जपानच्या शिमोन साकागुचींनी १९९५ ला दाखवल्या आणि २०२५ चं नोबेल त्यांना आणि दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळालं, ती बातमी आली त्या दिवशी मी शाळेतून आलेल्या पोरीला उगाच कडेवर घेतलं, आता ती कडेवर मावत नाही तरी.

याला इंग्रजीत टॉलरन्स म्हणतात. मराठी पुस्तकात सहनशीलता असं भाषांतर दिसलं आणि माझं डोकं फिरलं. आमच्या बायांना सहनशीलता म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं ते सांगायला नको, दात ओठ खाऊन गप बसणं. या पेशी गप बसत नाहीत. रात्रंदिवस पहारा देतात.

आणि गर्मीचं म्हणाल तर तीही पाहिजेच असते. गर्भ पिशवीला चिकटतो तेव्हा तिथं चक्क जखम होऊन सूज यावी तसा प्रकार चालतो, त्याशिवाय तो रुजत नाही. मग मधले महिने शांत. आणि शेवटी कळा यायच्या वेळी परत पांढऱ्या पेशी गोळा होतात, परत सूज, प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, पिशवीचं तोंड मऊ पडतं. भाकरीसारखं आहे बघा. तवा तापवायला जाळ पाहिजे, मग लाकडं मागं ओढायची, मग शेवटी निखाऱ्यावर भाकर उभी करून फुगवायची. माझ्या चुलीत अडचण एवढीच होती की लाकडं मागं ओढायच्या वेळी कोणीतरी आत रॉकेल ओतत होतं. हेपॅरिन रक्त गोठू देत नाही म्हणून चालतं असं सगळे समजायचे, पण २००४ मध्ये उंदरांवर दिसलं की ते ही जळजळसुद्धा थांबवतं, कॉम्प्लिमेंट नावाची प्रतिकारशक्तीची जी साखळी आहे ती अडवून.

हे वाचलं आणि मला नणंदबाईंचं कोडं सुटलं. त्यांना विशीतच आमवात, बोटं सकाळी मिटता येत नव्हती, तर दोन्ही गरोदरपणात त्या अशा मोकळ्या झाल्या की विहिरीचं पाणी ओढायच्या. सगळे म्हणायचे लेकराचा पायगुण. बाळंत झाल्या की दोन-तीन महिन्यांत दुखणं दुप्पट. फिलिप हेंच नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं हे १९३८ ला लिहून ठेवलंय, आमवाताच्या बाया गरोदरपणात बऱ्या होतात, आणि त्याच्यामागे लागूनच कॉर्टिसोन हे सूज उतरवणारं औषध हाती आलं, १९५० चं नोबेल. नणंदबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग दर वर्षी गरोदर राहू का वैनी?" सगळ्यांनाच असा आराम पडतो असंही नाही, लुपसवाल्या बाईला गरोदरपणात उलट जास्त जपावं लागतं.

एक गोष्ट मात्र वाचताना घशात अडकली. आमच्यापासून लांब नाही, गडचिरोली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, १९८९ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. १०० पैकी ९२ जणींना एकतरी स्त्रीरोग, एकीला सरासरी साडेतीनच्या वर, त्यातले अर्धे जंतुसंसर्गाचे. आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या किती, तर शंभरात ८. धुपनी जाते म्हणतात आमच्याकडे, अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, ओटीपोटात जळजळ राहते. मी ज्या बाकड्यावर बसले होते त्याच्यावरच्या त्या पंधरा-वीस बायांपैकी कितीजणींच्या आत अशी मंद आग वर्षानुवर्षं धुमसत असेल. आतल्या आत नळ्या चिकटतात त्यानं, टीबी तर पिशवीच्या नळ्यांत गुपचूप बसतो, ना खोकला ना काही, आणि बाईला वांझ म्हणून मोकळे. गर्मी हाय म्हणून सब्जा पाजायचा. गर्मी आहे ना मग? मग ती कुठं आहे ते बघायला नको कोणी? माझा राग गर्मी या शब्दावर नाहीच, तो शब्द म्हटला की विचारणं संपतं त्याच्यावर आहे.

शहरातले शिकलेले काही वेगळे नाहीत. मधल्या काळात एका शहरातल्या मोठ्या चकाचक सेंटरमध्येही आम्ही जाऊन आलो होतो, तिथं सांगितलं तुमची इम्युनिटी जास्त आहे, नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तुम्हाला टोचू, म्हणजे शरीराला त्याची सवय होईल. पॅकेज होतं. ऐकायला किती पटतं बघा. १९९९ मध्येच मोठ्या चाचणीत त्याचा काही फायदा दिसला नव्हता, आणि अमेरिकेत २००२ पासून अभ्यासाबाहेर ते द्यायला बंदी. आमच्याकडे पैसे नव्हते म्हणून वाचलो. सब्जा तरी पाच रुपयांचा येतो.

(आणि हो, हे वाचून कोणी आपल्या मनानं अॅस्पिरिन की हेपॅरिन सुरू करू नका बाई. माझे तीन कागद होते, तुमचे कागद तुमचे. पण दोन-तीनदा पोट पडलं असेल तर या तपासण्या करायच्या का एवढं विचारा डॉक्टरला.)

नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. कापूस विकला त्याचा चेक हातात, बँकेत रांग, रोख शून्य, आणि इंजेक्शन रोज पाहिजे. राळेगावच्या मेडिकलवाल्यानं महिनाभर वहीवर लिहून उधार दिलं, त्याचे उपकार आहेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ३७ आठवडे भरले, आदल्या दिवसापासून इंजेक्शन बंद केलं आणि मॅडमनी कळा आणायला जेल ठेवलं. मी विचारलं कशाचं जेल? प्रोस्टाग्लँडिनचं. म्हणजे शेवटचा जाळ हातानं लावून दिला. अकरा तासांनी पोरगी झाली, दोन किलो तीनशे, रडली ती थांबेचना. वार बाहेर आल्यावर मॅडमनी उलटी-पालटी करून बघितली, मलाही दाखवली. एका कडेला दोन-तीन पांढरट कडक डाग होते, तिथं रक्त पोचलं नव्हतं. बाकी सगळी लाल, चांगली.

त्यानंतरही सहा आठवडे टोचायचं होतं, बाळंतिणीला गाठी व्हायचा धोका जास्त असतो. सासूबाई म्हणाल्या सव्वा महिना तर पाळायचाच हाय, वर चार-पाच दिवस आणखीन. मला खाटेवरून उठू देत नव्हत्या, मॅडम म्हणत होत्या चालती ठेवा. शेवटी तह असा झाला की अंगणापर्यंत चालायचं, डोक्याला बांधून. भिंतीवरच्या रेघा अडीचशेच्या वर गेल्या. वापरलेल्या सुया कोल्ड्रिंकच्या दोन मोठ्या बाटल्यांत भरल्या होत्या, त्या आशाताई उपकेंद्रात घेऊन गेली.

पोरगी आता शाळेत जाते. भिंत दोनदा रंगवून झाली. सासूबाईंच्या मागं मात्र एक काम कायमचं लागलं, गावातले तीन शुगरवाले म्हातारे रोज सकाळी इन्सुलिन घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसतात. परवा त्यातल्या एकानं विचारलं, माय, तुही सुई दुखत कशी नाही? त्या चिमूट धरता धरता म्हणाल्या, "सुनेच्या पोटावर शिकली ना बाप्पा. हलू नको, गप ऱ्हाय."